साईचा हार

मखमलाबादच्या यादवची मुलगी साई घरी दिवसभर बडबडायची. अंगणवाडीत मात्र तोंड उघडायची नाही. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. पुढच्या जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं आणि तिची आई प्रतिभा त्या काळजीत होती.

अंगणवाडीच्या शुभांगीताईंनी त्या वर्षी गावातल्या आयांचा गट सुरू केला होता. दर शनिवारी मारुतीच्या मंदिरात सगळ्या जमायच्या. घरकाम करता करता मुलांना काय शिकवता येईल, ते ताई सांगायच्या. प्रतिभाच्या घरी तर झेंडूची शेतीच होती. बाजाराचे हार ओवताना ती साईला शेजारी बसवू लागली. दोन पिवळी, एक केशरी, पुन्हा दोन पिवळी. साईचा हात लवकरच बसला. यादवला हा वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. मुलांना शिकवायला शाळा आहे की, असं तो म्हणायचा.

मार्चमध्ये ताईंनी मंदिरातच मेळावा ठेवला. प्रत्येक मुलानं घरच्यांबरोबर काहीतरी करून दाखवायचं होतं. यादव पंचवटीच्या बाजारातून परतला होता. हार ओवून दाखवायला फुलांची टोपली घेऊन निघालेल्या दोघींना स्कूटरवरून सोडून तो लगेच निघणार होता. पण साईची पाळी आली, तशी ती आईच्या पदरात शिरली. प्रतिभानं समजावलं, ताईंनी चुचकारलं. पोर हलेना. मागून कोणीतरी म्हणालं, मुकीच आहे का ही?

यादवला ते लागलं. चपला काढून तो बायकांच्या घोळक्यातून पुढे आला आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. टोपलीतली फुलं घेऊन ओवायला लागला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. जन्मभर हार केलेल्या त्या माणसाचं लक्ष फुलांपेक्षा लोकांकडेच जास्त होतं. दोन पिवळी, एक केशरी, मग एक पिवळं आणि लगेच केशरी.

"पप्पा, चुकलं," पदराआडून आवाज आला. "अजून एक पिवळं पाहिजे."

साई पुढे आली, बापाच्या हातातून सुई घेतली, चुकीचं फूल काढलं आणि मोठ्यानं मोजत हार पुरा केला. ताईंनी विचारलं, यापुढे कोणतं येईल? "पिवळं," साई म्हणाली, आणि त्याच्यानंतरही पिवळंच, हे न विचारता सांगून मोकळी झाली.

प्रतिभाचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, यादव मुद्दामच चुकला. घरी त्याची आई नवसाबाईनंही तेच विचारलं.

"नाय गं आई, खरंच चुकलो," तो म्हणाला. "पण पोरीनं पकडलं. एवढ्या लोकांत पकडलं." त्या दिवशी भेटेल त्याला त्यानं हेच सांगितलं. सांगताना छाती फुगायची.

पुढच्या शनिवारी तो फुलांचं भरलेलं क्रेट घेऊन गटात आला. सोबत शेजारचे सहादू आणि फकिरा होते. दोघंही आपापल्या लेकरांना घेऊन दारातच घुटमळत होते, कुठं बसावं ते कळेना.

साई उठली आणि सतरंजीवरची जागा हातानं झाडत म्हणाली, "काका, इथं बसा. तुम्हाला येत नसेल तर मी शिकवते."