पाठीवरचा पोपट

कुत्र्यांना शिकवणं हा त्याचा धंदा होता आणि त्याचं नावही चांगलं झालं होतं. म्हणून ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाताना ताईने आपला पोपट त्याच्याकडे ठेवला आणि "याला आणि तुझ्या कुत्र्याला एका खोलीत सोडू नकोस हं," असं बजावलं, तेव्हा त्याला हसू आलं. "अगं, काळ्या माझ्या शब्दाबाहेर नाही."

पिंजरा आतल्या खोलीत, दार लावून ठेवला होता. पण शेजारी गप्पा मारायला आले आणि त्याला करामत दाखवायची हुक्की आली. त्याने काळ्याला बसवलं आणि पोपट काढून त्याच्या पाठीवर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने पोपट बिथरला, त्याने काळ्याचा कान चावला आणि काळ्याने त्याला तोंडात धरलं. "सोड!" म्हणताच सोडलंही, पण पंख मोडला होता.

ताई परत आली तेव्हा त्याचं वाक्य तयार होतं. "दार चुकून उघडं राहिलं गं."

ताई रडली. मग काळ्याला कुरवाळत त्याला म्हणाली, "मुका जीव तो. आणि तू तरी किती लक्ष ठेवणार?"

त्याची मान वर होईना. "ताई, पोपट मीच बाहेर काढला. लोकांना दाखवायला."

ताईने पिंजरा उचलला आणि ती घरी गेली. पोपट वाचला, पण पुन्हा उडाला नाही. पुढे ताई परगावी गेली तेव्हा तिने पोपट आपल्या शेजारणीकडे ठेवला, आणि तो ताईच्या घरी गेला तेव्हा हे त्याला त्या शेजारणीकडूनच कळलं. "बरं केलं," एवढंच म्हणून तो दारातून परतला.