धोंडा सरकला ती पहाट

चैत्राची पहाट. कडुलिंबाच्या मोहराचा कडवट-मधुर परिमळ, उगवतीला केशरकिरणांची कोवळी कोर. ख्रिस्ती कबरस्तानात मेणबत्त्यांची थरथरती, तेजोमय, मूक फुलबाग, इतकी उजळ, की सूर्य म्हणे वेशीवरच थबकला, "मी येऊ की जाऊ?"

येशूच्या पुनरुत्थानाची पहाट ती. आणि मातीखाली योनाथान. फौजेतून नुकताच मोकळा झालेला, हिमकड्यांवर न घसरलेला, गोळ्यांच्या वर्षावात न ओरखडलेला. गावच्या वळणावर, बिनकठड्याच्या विहिरीत, सांजधुळीत मोटारसायकलीसकट गेलेला.

हिमकड्यांनी राखले, गावाने गिळले!

किती विनवले होते त्याने सरपंचांना, "आबा, कठडा बांधा." आबा मिशीत हसायचे, "आज-उद्या बांधू. फौजी अन् विहिरीला भितो?"

आज तेच आबा उभे. शुभ्र, कडक खळीची खादी, हाती रेशमी दोरी. पडदा सरला, चंद्रधवल, दर्पणधवल संगमरवर! वर सुवर्णाक्षरे: 'सीमेवर झुंजता वीरगती'. याच गावच्या थापाड्यांनी वाघ नांगराला जुंपले, भुतांकडून मोट हाकवली; पण ही थाप ऐकून दगडही लाजला, गालभर तांबूस झाला. उगवतीचा रंग असेल म्हणा.

"गावाचा मान वाढला," आबांचा मेघगंभीर कंठ. "ठेवा रे शिळा कबरीवर."

"हात लावाल तर!"

दीनाबाई. योनाथानची आई. वाळल्या काठीसारखी, पेटल्या काठीसारखी.

"माझ्या लेकराला वैऱ्यानं न्हाई मारलं, आबा. तुमच्या आज-उद्यानं मारलं. अन् येशूच्या कबरीवरचा धोंडा आजच्याच पहाटे सरकला. तुम्ही आज ठेवायला आलात व्हय?"

प्रार्थनेला आलेल्या पाळकसाहेबांनी हातातले पवित्र शास्त्र मिटले, बाह्या सरसावल्या.

दोर आले, पहारी आल्या, खांदे आले. हैसा! शिळा निघाली, मेणबत्त्यांमधून, मळ्यांमधून, वळणाकडे. मागे धोतर सावरत आबा, "अरे, सोनेरी अक्षरं हायेत!"

"मग विहिरीकडं तोंड करा त्यांचं," दीनाबाई म्हणाली. "बेडकं वाचतील."

विहिरीच्या काठाशी शिळा आडवी रोवली. खोटी अक्षरे पाण्याकडे, कोरी धवल पाठ वाटेकडे.

सांज झाली. धुळीतून एका मोटारसायकलीचा दिवा आला. शुभ्र शिळेवर उजेड आदळला, उजळला, आणि दिवा वळला.

तिकडे कबरीवर नुसती माती. काळी माती, मऊ माती. आणि तिच्यावर, पहाटेची, अजून जळणारी एक मेणबत्ती.