ठोक्याविना रविवार

“आधी टाच, विका. ठोका पडला की टाच टेकव. पायाकडे बघू नकोस, कान दे.”

इस्पितळात टाळीच्या ठोक्यावर चालायला शिकवणाऱ्या बाईंचा तो आवाज फाटकाशी उभ्या असलेल्या विकाच्या कानात होता. ठोका मात्र कुठेच नव्हता.

अर्धांगाच्या झटक्यानं तिची डावी बाजू लुळी पडली, त्याला पाच महिने झाले. नवरा मातीआड, मुलं ऑकलंडला; घरात बोलायला भिंती. खाटेवर पडल्या पडल्या तिनं देवाला शब्द दिला होता : पाय परत दिलेस, तर तुझ्या दारी चालत येईन, कुणाच्या गाडीतून नाही. मग शेजारची लुपे रोज सकाळी झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसली, की तिच्या मोगरीच्या ठकठकीवर विका अंगणात येरझाऱ्या घालू लागली. चाळीस वर्षं दोघींनी एकाच ओंडक्यावर समोरासमोर साल कुटली होती.

“तुझ्या पायापायी माझा खांदा निखळला गं!” लुपे ओरडायची.

काल विका न अडखळता बारा फेऱ्या चालली, आणि उद्याच येशूच्या देवळात जायचं असं दोघींनी ठरवून टाकलं.

आज रविवार. टोंगा बेटांवर रविवार देवाचा, त्या दिवशी कामाच्या मोगरीला कुणी हात लावत नाही. जन्मभर रविवार पाळलेल्या दोघींना नेमकं हेच सुचलं नव्हतं. पाय जमिनीला खिळला होता.

लुपेच्या नवऱ्याची गाडी फाटकाशी थांबली. देवळात जाताना नेसायची विणलेली चटई कमरेला गुंडाळलेली लुपे खिडकीतून वाकली.

“अगं बाई, आपली अक्कल कुठे गेली होती! टाळ्या वाजवत येऊ तुझ्यासोबत?”

“देवाच्या दारी वरात काढतेस माझी?”

“मग बस आत. देवाला कळतं सगळं.”

“कळतं म्हणून तर. तू जा. तुझ्याविना गाणं कोण उचलणार?”

गाडी गेली. रस्ता ओस पडला.

विका बराच वेळ तशीच उभी राहिली. सकाळच्या उन्हात कुंपणाच्या खुंटांच्या सावल्या पांढऱ्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या, पावलागणिक एक. तिनं पहिली ओलांडायची ठरवली. पाय उचलला गेला. मग दुसरी.

कुंपण वळणापर्यंतच होतं. पुढे नुसती कोरी वाट, चांगली पाव कोस. देवळातलं पहिलं गाणं सुरू झालेलं ऐकू आलं. विकानं काखेतलं बायबल सावरलं आणि तिसरी सावली ओलांडली.