उलटी पिन

मयुरी मॅडमचा आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारं पोरगंही दचकून पुस्तक सरळ धरायचं. त्या सकाळी तो आवाज वाक्याच्या मध्यातच थांबला.

एप्रिलची सकाळची शाळा होती. सिंदी रेल्वे या छोट्या शहरापासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात साडेनवालाच पंखे गरम हवा खाली ढकलत होते. नववीचा विज्ञानाचा तास सुरू होता. प्रश्न विचारल्याशिवाय जिला डबा पचत नसे, त्या आचलनं हात वर केला.

"मॅडम, स्विच न्यूट्रलच्या तारेत लावला तरी बल्ब विझतेच ना? मग फेजच्याच तारेत काऊन लावाचा?"

मयुरी खूश झाली. तिनं फळ्यावर दोन तारा काढल्या, मध्ये बल्ब काढला आणि स्विच मुद्दाम न्यूट्रलच्या बाजूला दाखवला.

"बल्ब विझेल, बरोबर. सर्किट तुटलं, प्रवाह थांबला. पण फेज कुठपर्यंत पोचली ते बघा. थेट बल्बच्या आत! वस्तू बंद दिसते, पण तिच्यात दोनशे तीस व्होल्ट तसेच बसलेले. आपण बंद आहे म्हणून बिनधास्त हात लावणार आणि..."

खडू फळ्याला टेकलेलाच राहिला. तिला रविवार आठवला.

रविवारी तिची आई, धुरपताबाई, म्हणाली होती, "मयुरी, कूलरले हात लावला का मुंग्या येऊन राह्यल्या वं." कूलर गावातच बनवलेला, पत्र्याचा, दोन टोकांच्या पिनेचा. अर्थिंगचा पत्ताच नाही. अशा कूलरवर अख्ख्या जिल्ह्याला एकच इलाज ठाऊक: पिन काढायची, उलटी करून लावायची. मयुरीनं तेच केलं. वर सायन्सची मॅडम म्हणून कूलर सुरू करून पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. "गेला करंट," ती ऐटीत म्हणाली. आईनं कौतुकानं तिच्या गालावरून हात फिरवला होता.

पिन उलटी झाली म्हणजे फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली. म्हणजे कूलरचं स्वतःचं बटन आता न्यूट्रल तोडत होतं. कूलर चालू असताना पत्रा गप्प आणि बटन बंद केलं की सगळी मोटर फेजवर. जिथून आधी कोरड्या पायांना नुसत्या मुंग्या येत होत्या, तिथून आता पाणी भरताना ओल्या पायांना पुरा करंट. तिनं चालू कूलर तपासला होता. बंद कूलर तपासायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पाणी तर माणसं कूलर बंद करूनच भरतात.

नळ दहाला यायचा. घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

"मॅडम, काय झालं?" आचलनं विचारलं.

"माझं चुकलं," एवढंच म्हणून ती वर्गाबाहेर पडली. आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. आईचा फोन म्हणजे भिंतीतल्या देवळीत ठेवायची वस्तू, तो उचलायचा असतो हे तिला कितीदा सांगून झालं होतं! मयुरीनं स्कूटीला किल्ली लावली आणि सिंदीतल्या घराकडे निघाली. रस्ताभर तिला एकच चित्र दिसत होतं. आई बटन बंद करते, एका हातात पाण्याची नळी धरते आणि दुसरा हात पत्र्यावर ठेवते. बाप गेल्यावर या बाईनं जिनिंगमध्ये रुई वाहून आपल्याला बीएस्सी केलं आणि आपण शिकून तिच्या घरात हे पेरून ठेवलं. मयुरी रडत होती, आणि गाडी चालवताना डोळे पुसायचीही सोय नव्हती.

गल्लीत शिरली तेव्हा नळ आज वेळेआधीच येऊन धार सुरू झाली होती. आई ओसरीवर बसून ओले पाय पदरानं पुसत होती. कूलर काठोकाठ भरलेला.

"काऊन वं? शाळा सुटली एवढ्या लवकर?"

मयुरीनं तिला मिठीच मारली. "माय, पाणी कसं भरलं? बटन बंद करून?"

"बटनावर माहा भरोसा नाई. तुह्या बापानं सांगतलं होतं, पिन हातात आल्याबिगर पाण्याले हात लावजो नोको. मी पिनच काढतो."

मयुरी हसली, मग पुन्हा रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "तू केलं ते लय ब्येस झालं पाय. सीताबाईच्याही कूलरले मुंग्या येत होत्या. काल मीनं तिचीही पिन तशीच पलटून देल्ली. म्हटलं, माह्या पोरीनं शिकवलं, आता निर्धास्त भरजो."

सीताबाईचं घर भिंतीला भिंत लागून. तिचा बोर्ड कपाटामागे. पिन काढायला ती कशाला जाते! मयुरी धावली. आई मागोमाग.

सीताबाई अंगणात कूलरपाशी उभी होती, अनवाणी, पायाखाली चिखल. एक हात कूलरच्या जाळीवर. हाक मारली तरी मान वळली नाही. अंग थरथरत होतं, तोंडातून घोगरा आवाज येत होता. नळी खाली पडून पाणी वाहत होतं. कूलर बंद होता.

"वो माय, सीताबाई!" म्हणत आई तिला धरायला झेपावली. मयुरीनं आईला इतक्या जोरात ढकललं, की म्हातारी तुळशीपाशी जाऊन पडली. मग ती दारातल्या मीटरकडे पळाली आणि मेन स्विच खाली पाडला. सीताबाई पोत्यासारखी कोसळली.

श्वास चालू होता. शेजाऱ्यांनी ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. तळहात काळा पडला होता, छातीच्या ठोक्यांचा नेम नव्हता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, रात्रभर ठेवू, पण वाचल्या. अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्धी गल्ली जमली होती. सीताबाईचा मुलगा रुपेश मयुरीच्या पायाशी वाकला. "ताई, तुमी नसत्या आल्या तं माही माय गेलती." कुणी म्हणालं, शिक्षण असावं तर असं. आतून सीताबाईनंही निरोप धाडला, पोरगी देवावानी धावून आली म्हणून.

आईनं मयुरीचा हात घट्ट दाबला. ढकलल्यामुळे तिचं कोपर सोललं होतं. कानाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "आता कायले बोलतं? वाचली ना ती." तिच्या डोळ्यांत भीती होती. सीताबाईची पिन तिच्याच हातानं उलटी झाली होती, हे तिला केव्हाच कळलं होतं.

मयुरीलाही गप्प बसावंसं वाटलं. मनापासून वाटलं. चाळीस वर्षांचा शेजार, बाप गेला तेव्हा तेरा दिवस यांच्या घरी चूल सीताबाईनं पेटवलेली. आणि आईच्या तोंडाला कुणी काळं फासलेलं तिला कसं सोसवेल? तिनं आवाज खाली आणून विचारलं, "माय, अजून कोणाची पिन पलटवली?"

आईनं हाताची बोटं उघडली. तीन.

रात्र झाली होती. उद्या दहाला पुन्हा नळ येणार होता.

मयुरी उठली. आईचा हात तिनं सोडला नाही, तिला बरोबर उभं केलं.

"रुपेश," ती म्हणाली, "पाया पडू नको. तुझ्या मायला करंट माझ्यामुळे लागला. माझ्या मायनं फक्त माझं ऐकलं." रुपेशचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. त्याच्या चेहऱ्याकडे बघणं तिला जड गेलं, तरी ती बघत राहिली. वर्गातला तो खणखणीत आवाज तिला कुठून तरी परत सापडला. "ज्यांच्या ज्यांच्या घरी आईनं पिन उलटी करून दिली, त्यांनी आत्ता घरी फोन लावा. आधी मेन बंद करून पिन काढायला सांगा. मग मला काय बोलायचं ते बोला."