दानियालचा तिसरा पंप

दानियालनं जुन्या गाडीला टर्बो बसवला, तेव्हापासून इंजिनाला पेट्रोल पुरेना. टाकीतला पंप बदलून दुसरा, मोठा टाकला. आज मुरुम गावाबाहेर त्याची परीक्षा होती. शेजारी बसले होते गफारचाचा, बोअरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारे. पेट्रोलचा दाब पडला की पिस्टन वितळणार, आणि तीन वर्षं खपून जुळवलेलं इंजिन जाणार.

"चाचा, दाबाच्या काट्यावरनं नजर हलवू नका."

"तू रस्ता बघ. मला अजून लई जगायचंय."

गाडी सुसाट सुटली. काटा थरथरला आणि खाली घसरला.

"पडला! पाय काढ!"

इंजिन खोकलं, पण वाचलं. दानियालनं गाडी कडेला घेतली.

"याच्याहून मोठा पंप मागवतो."

चाचांनी उतरून टाकीवरची मागची सीट उचलली. "आधी पंपाच्या वायरीला हात लाव."

दानियालला चटका बसला.

"बलभीमनं बोअरमध्ये मोटार सोडली साडेसात हॉर्सपॉवरची, केबल ठेवली जुनी, बारीक. मोटार जळली, तवा गावात सगळ्यात जास्त कोण हसलं होतं?"

"मीच," दानियाल बोट चोखत म्हणाला.

"वीजच पोचंना, तर पंप काय करील?"

"जाड वायर टाकतो, चाचा."

"टाक. बलभीमकडं नव्या जाड केबलचा तुकडा उरलाय. आन तो त्याच्याकडनंच माग."