दार लागल्यानंतर

“थांब. जरा मागे घे,” माझे सासरे, बाबा म्हणाले.

नवऱ्याने चित्रण मागे घेतलं. पडद्यावर पुन्हा तेच अंगण, तेच निळं दार. दारात माझ्या सासूबाई, तेव्हा वयाने माझ्याएवढ्याच, कडेवर वर्षभराचं पोर. ते पोर म्हणजे माझा नवरा. त्या समोर बघून हसल्या, वळल्या, आत गेल्या. दार लागलं.

आणि लागलेल्या दारापुढे त्या उभ्याच राहिल्या.

क्षणभरच. कडा विसविशीत, दाराचा निळा रंग खांद्यातून आरपार दिसणारा. चेहरा मात्र स्वच्छ. मग चौकोनी तुकड्यातुकड्यांनी विरून गेल्या. मी नकळत माझ्या लहानग्या लेकीला, चिऊला मांडीवर ओढलं.

“काही नाही, प्रोसेसर चुकतोय,” नवरा म्हणाला. “आधीच्या चित्राचा तुकडा पुढच्यात राहून गेला.”

लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा त्याचा घरबसल्या धंदा. प्रोसेसर त्याने दुकानातला सगळ्यात स्वस्त आणला होता आणि सेटिंगमध्ये जाऊन ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला लावला होता. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. काम लवकर उरकतं, पण तो तापतो. म्हणून कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावलेला. तरीही फार तापला की गणितं चुकायची.

“एका माणसाकडून दोघांची कामं करून घेतोस,” बाबा म्हणाले. “डोकं तापणारच त्याचं.”

बाबांना तापण्याची पारख होती. सगळी नोकरी त्यांनी बर्फाच्या कारखान्यात काढली. यंत्रघरात काट्यांकडे बघत बसायचं आणि काटा वर सरकला की घंटा वाजवायची, एवढंच काम. सासूबाई गेल्या त्या दिवशीही ते पाळीवर होते.

नवऱ्याने वेग मूळ पदावर आणला, कॅसेटच्या कच्च्या नकलेवरून पुन्हा नवी फाइल केली. सासूबाई हसल्या, वळल्या, आत गेल्या. दार लागलं. दारापुढे कुणी नव्हतं.

“झालं. आता बरोबर आलं.” त्याने तिथेच बंद केलं.

“बरोबर,” बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “मला शिकव हे. दुपारचा मी बसतो. तू बाहेरची कामं बघ.”

नवरा खूश. “बघ, या वयात बाबा ओव्हरक्लॉकिंग शिकतायत,” असं तो येईल त्याला सांगायचा. बाबा शिकलेही पटकन. मी ऑफिसला जायचे तेव्हा चिऊ त्यांच्याच खोलीत, त्यांच्या पायाशी गादीवर असायची. मला निश्चिंत वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

आधी चिऊच्या मानेवर घामोळं आलं. मग तिची नवी सवय लक्षात आली. कुणी बाहेर गेलं की ती टाटा करायची, हे सगळीच मुलं करतात. पण दार लागल्यावरही हिचा हात हलत राहायचा. दाराच्या फळीकडे नाही, फळीच्या जरा अलीकडे, मोठ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर बघत.

“कुणाला गं टाटा करतेस?” मी विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तिकडे.

“तू ना, नसती भुतं उकरून काढतेस,” नवरा म्हणाला. “पोर आहे ते.”

त्या दिवशी ऑफिसात जीव लागेना. दुपारीच निघून आले. बाबांच्या खोलीचं दार ढकललं आणि तोंडावर भट्टीसारखी वाफ आली. खिडक्या बंद. टेबलफॅन बंद, तोंड भिंतीकडे. कॅबिनेटचं झाकण पुन्हा बसवलेलं. चिऊ गादीवर झोपली होती, केस कपाळाला चिकटलेले. मी धावत जाऊन तिला उचललं. ती कुरकुरली.

“बाबा, लेकरू घामाने निथळतंय. पंखा का बंद केलात?”

“एवढं एकदा होऊ दे, पोरी.” त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. “गार असलं की ती येत नाही. तापलं तरी रोज येतेच असं नाही. काल नुसता हात आला होता.”

“त्या आई नाहीत, बाबा. ती चूक आहे मशीनची.”

“माहितीय गं. मी काय खुळा आहे?” ते शांतपणे म्हणाले. “चूक तर चूक. तेवढीच उभी राहते दारात.”

मला तिथून निघून जायचं होतं. पण फाइल तयार झाली होती, आणि त्यांनी ती सुरू केली.

सासूबाई दारात होत्या. हसल्या. वळल्या. दार लागलं, आणि त्या दारापुढे थांबल्या. या वेळी क्षणभर नाही. विरल्या नाहीत, तुकडे पडले नाहीत, नजर सरळ आमच्यावर.

“बघ,” बाबा कुजबुजले. “गेली नाही.”

मी बघत होते त्यांचा डावा हात. मूल धरल्यासारखा कमरेपाशी वाकलेला. त्या हाताच्या बाकात दार होतं, नुसतं निळं दार. माझी चिऊवरची पकड इतकी घट्ट झाली की ती रडायला लागली.

त्या रडण्याने बाबा हलले. पडद्याजवळ वाकले.

“पोरगं कुठंय?”

चित्रण त्यांनी पहिल्यापासून लावलं. कुठेच नव्हतं. रिकाम्या कडेने ती बाई हसत होती.

बाबांनी चित्रण थांबवलं. मग म्हणाले, “ती त्याला खाली ठेवायची नाही. मी ओरडायचो, अगं, पोराचे पाय जमिनीला लागू दे जरा. ऐकायची नाही.” त्यांनी चष्मा काढला. “ही ती नव्हे.”

उठून त्यांनी खिडक्या उघडल्या. झाकण काढलं, पंखा वळवून सुरू केला. “सेटिंगचं तू वाच,” म्हणाले. “अक्षरं बारीक आहेत.” मी वाचत गेले, ते वेग खाली आणत गेले, कंपनीने दिला होता तिथपर्यंत. चिऊचं ओलं झबलं त्यांनी स्वतः बदललं. “आजोबा चुकला हं,” एवढंच तिला म्हणाले.

फाइल पुन्हा केली. सावकाश झाली. सासूबाई कडेवरच्या पोरासकट आत गेल्या आणि दार लागलं. मी बंद करायला हात पुढे केला.

“असू दे,” बाबा म्हणाले. “कॅमेरा मीच धरला होता. बंद करायचा राहून गेला.”

आजवर यापुढे कुणी पाहिलंच नव्हतं. नुसतं दार. वाऱ्याने थरथरणारी एका झाडाची सावली. मग दारामागून भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि एका बाईचं काहीतरी बोलणं, शब्द न कळणारं, मुलांशी बोलतात तसं.

बाबांनी आवाज थोडा वाढवला.