राहणाऱ्यानं वाचायचं

अकराव्या नावावर तिनं रेघ मारली आणि पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. यादीत बोटी दुरुस्तीची अकरा यार्डं होती. चार ठिकाणी मालकाला स्वतःच्याच बोटीला हात लावायची परवानगी नव्हती. काम यार्डची माणसं करणार, मालकानं लांब उभं राहून बघायचं. तीन ठिकाणी रंग लावू देत होते पण जुना रंग खरवडू देत नव्हते, कारण धूळ उडून शेजारच्या पांढऱ्या बोटींवर बसते. दोन ठिकाणी पोलादी बोट म्हटल्याबरोबर फोन खाली ठेवला गेला. एका ठिकाणचं भाडं ऐकून तिनं विचारलं, हे वर्षाचं का, तर ते महिन्याचं निघालं. अकरावा फोन एका बाईनं उचलला. यार्ड विकून तिथे घरं झाली होती आणि त्यातल्याच एका घरात ती बाई राहत होती. तिनं आपुलकीनं चौकशी मात्र भरपूर केली.

टेबलाच्या पलीकडे बाबा चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत बसले होते. छत्तीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या कारखान्यात पोलादाचे पत्रे वाकवले, कापले, जोडले. त्या ठोकाठोकीत डावा कान पुरता गेला होता, आणि उजव्याला सोयीचं तेवढं ऐकू येई. बोटीचा विषय त्याला सहसा ऐकू येत नसे. तीन महिन्यांपूर्वी तिनं ती साडेनऊ मीटरची जुनी पोलादी बोट लिलावात घेतली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "हत्ती घेतलास, आता खुंटा शोध."

खुंटा मिळत नव्हता ही गोष्ट खरी होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं काम करत होती. नऊ वर्षं दुसऱ्यांनी भरून आणलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आता प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेनं तिची योजना मान्य केली होती: दोन वर्षं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, प्रत्येक नदीच्या मुखाशी थांबायचं, नमुने स्वतः घ्यायचे. अट एकच, बोट याच वर्षी पाण्यात उतरली पाहिजे. पुढच्या वर्षी तो पैसा दुसऱ्या कामाला जाणार होता.

लहानपणी याच घराच्या गॅलरीतून, दोन इमारतींच्या फटीत, समुद्र दिसे. हात लांब करून पट्टी धरली की तो चार सेंटीमीटर भरायचा. ती रोज मोजायची. म्हणूनच बाबांनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं.

"दोनच वर्षांचा प्रश्न आहे, बाबा," ती म्हणाली.

"थोरलाही दोनच वर्षांसाठी गेला होता." त्यांनी काडी उघडमीट करून पाहिली. तिच्या थोरल्या भावाला घर सोडून चौदा वर्षं झाली होती. दर रविवारी त्याचा फोन येई आणि बाबा उजवा कान लावून बसत.

चष्मा चढवून झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. जुन्या कारखान्यातल्या कुणाकडून तरी त्यांनी नंबर मिळवला होता. नदीवर, समुद्रापासून चाळीस किलोमीटर आत. स्वतःचं काम स्वतः करू देतात. भाडं तुझ्या पगारात बसेल. इथून बसनं तासभर.

तिनं कागद दोनदा वाचला. मग पेन्सिल उचलून यादीत बारावं नाव लिहिलं.

यार्ड म्हणजे नदीकाठची एक उतरती, मुरूम टाकलेली जागा होती. ठोकळ्यांवर आणि टेकूंवर चौदा बोटी उभ्या होत्या. तिची पंधरावी. मालकिणीला सगळे मावशी म्हणत. मावशीनं पत्र्याच्या शेडमध्ये बसवून नियम सांगितले. आपलं काम आपण करायचं. मागितल्याशिवाय दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. हा दुसरा नियम यार्डात कुणीच पाळत नाही, हेही तिनंच सांगितलं. क्रेन वर्षातून एकदा येते, नदी भरलेली असते तेव्हा. आणि क्रेनआधी तळाची मोजणी. सहा मिलिमीटरचा पत्रा झिजून कुठेही चारच्या खाली आला असेल, तर ती बोट क्रेनला लागणार नाही.

"आणि मोजणी मागे राहणाऱ्यानं वाचायची," मावशी म्हणाली. "जाणाऱ्यानं नुसतं लिहायचं. जाणाऱ्याच्या डोळ्यांत समुद्र असतो गं, त्याला तीन पॉइंट आठ दिसले तरी तो चार वाचतो. एक बोट अशी गेलीय इथून."

तिला नियम आवडला. प्रयोगशाळेतही ज्याचा नमुना त्यानं तपासायचा नसतो.

"मागे राहणारं कोण आहे तुझं?"

बाबा दारात उभे राहून टेकूंची लाकडं निरखत होते. तिनं त्यांच्याकडे बोट केलं.

पाच महिने तिनं रंग खरवडला. वरचा हिरवा, त्याखाली करडा, मग पुन्हा हिरवा, काळा, निळा, पुन्हा करडा आणि अगदी आत शेंदरी, सात थर. सुरुवातीला बाबा फक्त रविवारी येत, ग्राइंडर कसा धरायचा ते दाखवायला. मग शनिवारीही येऊ लागले. मग ती आठवड्यात कधी संध्याकाळी गेली की तेच तिच्या आधी तिथे असत, तोंडाला फडकं बांधून, भुवयांपर्यंत शेंदरी झालेले. त्यांनी टाकाऊ फळ्यांचा एक बाक केला, हत्यारांसाठी मांडणी केली, ऊन लागू नये म्हणून वर ताडपत्री ताणली. तिची पिशवी अडकवायला टेकूवर एक खिळाही ठोकला.

शेजारच्या बोटीचा मालक हा निवृत्त ड्रॉइंग मास्तर होता आणि यार्डात त्याला सगळे पुढच्यावर्षी म्हणत, कारण त्याची बोट सात वर्षं पुढच्या वर्षी पाण्यात जाणार होती. तो डबा घेऊन यांच्या बाकावर येऊन बसे. बाबा त्याला म्हणत, मास्तर, तुमच्या बोटीला आता पालवी फुटेल. पुढच्यावर्षी म्हणे, फुटू दे, सावली होईल. बाबा हसत. घरी ते असे हसलेले तिला आठवत नव्हते. जेवताना ते कारखान्यातल्या गोष्टी सांगत. बॉयलरच्या पोटात झोप लागलेल्या फोरमनची गोष्ट तिनं पहिल्यांदा तिथेच ऐकली, आणि मग आणखी चारदा ऐकली.

तळ उघडा झाला तेव्हा क्रेनला बारा दिवस उरले होते. तिनं खडूनं एकेका फुटाचे चौकोन आखले. तीनशे शहात्तर झाले. मावशीकडचं जाडी मोजायचं यंत्र तळहाताएवढं होतं. पत्र्याला थोडं जेल लावून त्याचं गोल टोक टेकवलं की आवाजाची लहर पत्र्यातून जाऊन परत येते आणि पडद्यावर आकडा उमटतो. रोज सकाळी ती ते ठरावीक जाडीच्या तुकड्यावर तपासून बाबांच्या हाती देई. बाबा तळाखाली पाठीवर झोपून वाचत. ती उपड्या बादलीवर बसून लिही.

तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस पाचाच्या आसपासचे आकडे येत गेले आणि तिचं अक्षर मोठं होत गेलं. तिसऱ्या दिवशी तळाखालून बराच वेळ आवाज आला नाही.

"तीन पॉइंट सात," बाबा म्हणाले.

तिनं लिहिलं. त्या दिवशी असे एकोणीस चौकोन निघाले, निम्म्याहून जास्त पाण्याखालच्या मागच्या भागात. बाबांनी एकेकाभोवती लाल खडूनं वर्तुळ काढलं. बाहेर आल्यावर त्यांनी पाठीची माती झटकली नाही.

"यंदा नाही जमायचं, मोजणीबाई. वरून पत्रे चढवू, सावकाश. घाई कशाला करायची? पुढच्या..." ते थांबले, कारण पुढच्यावर्षी पलीकडून कान देऊन ऐकत होता.

ती पेन्सिलीला टोक करत बसली, पेन्सिल बोटभर उरेपर्यंत.

घरी गेल्यावर तिला एक गोष्ट खटकत राहिली. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवणं याला बाबा आयुष्यभर ठिगळ म्हणत आले होते. ठिगळ शिंप्यानं लावावं, असं ते कारखान्यातल्या पोरांना शिकवत. लोहारानं खराब भाग कापून काढायचा आणि नवा बसवायचा. वय झालं, तिनं स्वतःला सांगितलं. पाठीवर झोपून कापणं आता त्यांच्यानं होत नसेल. मग आपणच कापू. वेल्डर बोलावता येईल. नऊ दिवसांत एकोणीस तुकडे. अवघड होतं, पण अशक्य नव्हतं.

कापायचं तर झिजलेल्या भागाची हद्द कळायला हवी. बुधवारी तिनं रजा टाकली, मावशीकडून यंत्र मागून घेतलं आणि एकटीच तळाखाली शिरली. रीत साधी होती: वर्तुळाच्या बाहेर चांगल्या पत्र्यावर सुरुवात करायची, दोन-दोन सेंटीमीटर आत सरकायचं, आकडा जिथे घसरेल तिथे रेघ ओढायची.

तिनं पहिल्या वर्तुळाबाहेर टोक टेकवलं. ५.३. आत सरकली. ५.३. आणखी आत, ५.२. लाल रेघ ओलांडली. ५.३. मधोमध पोहोचली तेव्हाही रेघ ओढायला जागा सापडली नव्हती.

यंत्र चुकत असेल. ती बाहेर आली, ठरावीक तुकड्यावर तपासलं, बरोबर होतं. जेल कमी पडलं असेल. पुसून नवं लावलं. पत्र्यावर रंगाचा पापुद्रा राहिला असेल. नखानं, मग कानशीनं घासून पाहिलं, निव्वळ लोखंड. पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या वर्तुळाकडे सरकली, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी ती तेच तीन संशय त्याच क्रमानं दूर करत गेली, आणि एकोणिसाव्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्याकडे संशय उरले नव्हते.

ती तशीच पाठीवर पडून राहिली. तळाच्या कडेखालून तिला बाकाचे पाय दिसत होते, मांडणीचा खालचा कप्पा दिसत होता. कप्प्यात बाबांच्या घरातल्या चपला होत्या. कधी आणून ठेवल्या होत्या कोण जाणे. ताडपत्रीला त्यांनी दुहेरी शिवण घातली होती, बरीच वर्षं टिकेल अशी.

पावलं वाजली. बाबा डबा घेऊन आले होते. रजेचं तिनं सांगितलं नव्हतं, तरी डबा दोघांचा होता. रोज दोघांचाच आणत असावेत. ती तळाखालून निघाली.

"लवकर आलीस?"

"हो." ती मोठ्यानं, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बोलली. "बाबा, ती लाल वर्तुळं तेवढी परत वाचाल का? कापायचं म्हणतेय. नक्की आकडे हवेत."

तिनं यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, आणि डबा कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे क्षणभर दोन्ही हात भरलेले उभे राहिले. तिनं डबा घेतला. ते गुडघ्यावर बसले, मग हातावर, मग पाठीवर, आणि हळूहळू आत सरकले.

ती बादलीवर बसली. वही उघडली. नवं पान घेतलं, एक ते एकोणीस आकडे एकाखाली एक घातले. तिथून पडदा दिसत नव्हता. पहिल्यांदा मोजलं तेव्हाही दिसत नव्हता. बाबांचे बूट तेवढे दिसत होते, टाचा एकमेकींना टेकलेल्या.



"जेल ओलंच आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"सगळीकडे."

"हो, बाबा."

पलीकडे पुढच्यावर्षीचा ग्राइंडर सुरू झाला आणि बंद पडला. नदीवरून एक रिकामी होडी खाली समुद्राच्या दिशेनं गेली. तिच्या लाटा काठाला लागून विरेपर्यंत तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून पेन्सिल पहिल्या आकड्यापुढे टेकवली. यंत्राचं टोक पत्र्याला लागल्याचा बारीक आवाज झाला. ते उचललं गेलं, पुन्हा टेकलं.

त्यांनी घसा खाकरला.

"पाच पॉइंट तीन," बाबा म्हणाले.

तिनं लिहिलं.

"पाच पॉइंट दोन."

तिनं लिहिलं. बूट थोडे पुढे सरकले. पुढचा आकडा त्यांनी इतक्या हळू वाचला की तिला विचारावं लागलं, आणि त्यांनी तो पुन्हा, मोठ्यानं वाचला. त्यानंतरचे सगळे तसेच मोठ्यानं वाचले, कारखान्यात यंत्रांच्या वर आवाज चढवून सांगत असतील तसे. पुढच्यावर्षी हातातलं काम थांबवून उभा राहिला. मावशी शेडच्या दारात आली.

अर्ध्या तासात एकोणीस झाले. सगळ्यांत कमी आकडा सतराव्या चौकोनात होता, ५.१.